चिमूटभर पावडर आणि न वाकणारी काडी

पंचविशीत मी स्वतःला फार हुशार समजत असे आणि चेहऱ्याला फार पावडर लावत असे. पैकी हुशारीचा माझ्या संशोधनाला फारसा उपयोग झाला नाही. पावडरीचा झाला.

नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटरचं काम म्हणजे मुलांना ब्युरेट धरायला शिकवायचं, त्यांनी सांडलेलं पुसायचं आणि लेक्चरर आत आले की भिंतीला चिकटायचं. लेक्चरर व्हायचं तर एम.एस्सी. हवी. संशोधन करून ती मिळवायची सोय तेव्हा होती, पण आमच्याकडे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले सर एकच, आणि तेही येत्या उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होते. म्हणजे उन्हाळ्याच्या आत पदवी, नाहीतर जन्मभर ब्युरेट.

बहात्तर-त्र्याहत्तरचं दुष्काळाचं वर्ष ते. बाहेर जो तो पाण्याच्या मागे, आणि सर पॉलिएस्टरच्या. सगळ्यांना तेव्हा टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताच्या, सदऱ्यांचं वेड होतं. सर मात्र खादीचा बाही दुमडलेला सदरा घालून सांगायचे, "अहो बाई, हा टेरिकॉटचा सदरा मातीत पुरला ना, तर पणतवंडांना जसाच्या तसा सापडेल. आपल्याला असं पॉलिएस्टर करायचंय, की काम झालं की मातीने ते खाऊन टाकावं." ताक ज्याने आंबट होतं ते आम्ल आटवत नेलं, की त्याचे कण एकमेकांचे हात धरून लांब साखळी करतात. ते झालं पॉलिएस्टर. आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची मळी इतकी, की त्यातून हे आम्ल किती काढाल तेवढं थोडं. असं सरांचं स्वप्न.

स्वप्न सरांचं, वास माझा. गुळाच्या पाण्यात दही आणि खडूची भुकटी घालून मी मडकी आंबवायची, आणि तीही घरी, कारण प्रयोगशाळेत थंडीत ती आंबेनात. चुलीमागे ओळीने मडकी. सासूबाई शेवगावकडच्या, शेतकऱ्याघरच्या. गाईचं शेण, कडबा, कशाच्याच वासाचं त्यांना वावडं नव्हतं. पण त्या मडक्यांपुढे पदर नाकाला लावून म्हणाल्या, "सूनबाई, पुण्यात तुमी ह्येलाच शिक्षान म्हन्ता व्हय?"

मी काय, पुण्याची. मी त्यांना लॅक्टिक आम्लाची रचना समजावून सांगितली. दारातल्या फरशीवर खडूने काढून. त्यांनी ती संध्याकाळी सडा टाकताना पुसली.

तर ते आम्ल शुद्ध करायचं, त्यात कथिलाच्या क्षाराची चिमूट घालायची आणि निर्वात पंप लावून वाळूच्या कढईत तासन् तास तापवायचं. खाली राहतो तो मधासारखा घट्ट रस. हा रस परीक्षानळीत ओतून नळी गार पाण्यात उभी करायची, की पेन्सिलीएवढी काडी तयार. माझ्या पहिल्या काड्या इतक्या पारदर्शक, की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. मी त्या उन्हात धरून अख्ख्या विभागाला दाखवल्या. काचेसारख्या! सरही खूश. "स्वच्छ आहे हो," म्हणाले.

अडचण एकच, काडी नळीला चिकटायची. नळी फोडल्याशिवाय निघायची नाही. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे सगळ्यात जुने शिपाई, दर काडीमागे कपाळाला हात लावायचे.

"बाई, लई टेस्टूब फोडल्या तुमी. आता मुलांनी काय वाटीत रसायनं मिसळायची?"

"मामा, हे संशोधन आहे."

"व्हय, पन काचा मला येचाव्या लागत्यात."

मग मी डोकं चालवलं. पोळी लाटताना चिकटू नये म्हणून आपण पिठी लावतो. पण प्रयोगशाळेत पिठी कुठली! पर्समध्ये पावडरीचा डबा होता. उन्हाळा असो हिवाळा असो, दर दोन तासांनी चेहऱ्यावर आणि मानेवर थापायची ही माझी शिस्त. मामा मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला फार उशिरा कळलं आणि ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या डब्यातली पावडर मी नळ्यांमध्ये आतून भुरभुरली, रस ओतला, आणि बुडबुडे जावेत म्हणून तारेने ढवळला. ढवळताना भिंतीची पावडर रसात गेली हे माझ्या लक्षातही आलं नाही. संक्रांतीचे दिवस होते, प्राचार्यांच्या घरी हळदीकुंकू होतं आणि नवी निळी साडी नेसायची होती. गार पाण्याची बादली भरायला नळाला पाणी नव्हतं. मी नळ्या तशाच तापलेल्या वाळूच्या कढईत उभ्या ठेवल्या, खालचा दिवा विझवला आणि तिळगूळ घ्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी काड्या नळ्यांतून अलगद निघाल्या. मामा हात जोडून म्हणाले, "पावलं देवा!" मी मात्र काड्यांकडे बघून तोंड वाकडं केलं. काड्या पांढऱ्या फटक! दुधात बुडवल्यासारख्या. वर्तमानपत्र सोडा, पलीकडचा सूर्य दिसेना. माझ्या मते पॉलिएस्टर नासलं होतं. सरांना दाखवायच्याही लायकीच्या नव्हत्या त्या. सगळ्याच फेकवेनात म्हणून एक घरी नेली आणि ओट्यावर टाकली. बाकीच्या मामांनी झाडून नेल्या. मी पुन्हा पारदर्शक काड्यांकडे वळले, पावडर बंद, नळ्या फोडणं सुरू.

मातीने काडी खाल्ली पाहिजे, हेही सिद्ध करायचं होतं. सर म्हणाले, नुसत्या मातीत फार वेळ लागेल, गरम उकिरडा बघा. सासूबाईंच्या बहिणीचं घर घोडेगावला, बाजारतळाच्या अंगाला. जनावरांच्या बाजारामुळे शेणाला तोटा नाही. मी काड्या रुमालात गुंडाळून गेले. कुठली काडी कुठे पुरली ते कळावं म्हणून प्रत्येकीला लाल दोरा बांधला आणि उकिरड्यात हात घालून एकेक पुरली. वर पुटपुटत मापंही घेतली. शेजारणी बघत होत्या. तासाभरात गावात बातमी, की नगरची सून मावशीच्या उकिरड्यात लाल दोऱ्याच्या काड्या पुरून काहीतरी पुटपुटत होती! करणीच म्हणायची. मावशींनी मला जेवायला वाढलं, पण माझ्या ताटाकडे त्या जरा जपूनच बघत होत्या. पुढे फाल्गुनात मी काड्या उकरायला गेले, तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. काड्यांचा भुगा झाला होता, बोटांनी चुरडला जाईल असा. मी आनंदाने ओरडले, "कुजल्या! कुजल्या!" गर्दी दोन पावलं मागे सरकली.

इथवर सगळं छान. प्रबंध टाइप होऊन परीक्षकांकडे गेला होता. परीक्षक मुंबईहून यायला आठवडा होता.

चैत्रातलं ऊन. आमच्या प्रयोगशाळेवर पत्रा. दुपारी मी परीक्षकांना दाखवायच्या काड्यांचं कपाट उघडलं आणि तिथेच खाली बसले. रॅकवर उभ्या केलेल्या माझ्या सगळ्या काचेसारख्या काड्यांनी माना टाकल्या होत्या. कुणी कमरेत वाकलेली, कुणी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकलेली, एक तर शेवयीसारखी रॅकवरून खाली लोंबत होती.

सर आले. एक काडी बोटाने सरळ करून पाहिली, ती पुन्हा वाकली. मग म्हणाले, "नगरच्या उन्हात जे उभं राहत नाही, त्याला परीक्षक काय पास करणार?" आवाज रागाचा नव्हता, हे जास्त वाईट. "आणि पुढच्या वर्षी मी नाही."

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या दारात बसून रडले. माझ्या रडण्याला तेव्हा मोठा आवाज होता. आमचे हे पेपर घेऊन गच्चीवर गेले. सासूबाईंनी चुलीवरचं आधण उतरवलं, पितळी पेल्यात चहा गाळला, साखर टाकली आणि ढवळायला लागल्या.

"काय झालं ते तर सांग."

"आत्याबाई, काड्या वाकल्या. नुसत्या उन्हाने वाकल्या हो."

"कंच्या काड्या?"

"माझ्या. पॉलिएस्टरच्या."

"टेरिकॉटच्या? ही तर न्हाई वाकत." आणि पेल्यातून काडी काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. पांढरी फटक, संक्रांतीची. वाफ निघत होती तिच्यातून. "लई दिस झालं, रोज चहा ह्येनंच ढवळते मी. चमचा तापतो, ही तापत न्हाई."

तिच्यात कथिलाच्या क्षाराची चिमूट होती आणि तो पोटात जायचा नव्हे, हे मला मागाहून आठवलं तेव्हा घाम फुटला. सासूबाई पुढे नव्वदी ओलांडून ठणठणीत गेल्या, म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते. पण त्या क्षणी मी त्यांच्या हातातून काडी हिसकावली, चहात बुडवली, काढली, दोन्ही हातांनी वाकवायला गेले. सरळ! उकळत्या चहातून सरळ! मी आनंदाने त्यांना मिठी मारली. पेला कलंडला. साखरेचा भाव काढत त्यांनी माझा उद्धार केला, तो मी अंगणातून पळता पळता ऐकला.

सरांना सगळं सांगितलं. पावडरसुद्धा. सर खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की मामा पाणी घेऊन आले. मग एकदम गंभीर झाले. "पावडर म्हणजे टाल्क. म्हणजे आपलं संगजिरं. स्फटिक झाले असतील हो त्याच्यावर! करून बघा लगेच."

लगेच केलं. नळीत पावडर, वर रस, नळी गार पाण्यात. काडी निघाली ती जरा धुरकट, आणि गरम पाण्यात घातली की पुन्हा शेवयी. दुसरी केली, तेच. मला वाटलं आपल्याला भूल पडली. माझ्यासारख्या हुशार बाईला कारण कळेना. मामांनी मात्र विचारलं, "बाई, त्या दिशी तुमी नळ्या तश्याच टाकून हळदीकुंकवाला गेल्ता न्हव का? बादली तर रिकामी हुती." त्यांना कारण शोधायचं नव्हतं, मी पसारा टाकून गेले होते हे सरांच्या कानावर घालायचं होतं. पण मी उठलेच.

तापलेली वाळू! हळूहळू गार होणं!

यातलं शास्त्र समजून घ्यायला मला पुस्तक लागलं नाही, लाडवांचा पाक लागला. पाक केला आणि पटकन गार केला तर तो चिक्कीसारखा काचेचा राहतो. दिसायला सुंदर, पण गरमी लागली की लगेच मऊ पडतो. तोच पाक हळूहळू निवू दिला आणि त्यात साखरेचा एक दाणा पडला, की त्या दाण्याभोवती पाक साखरायला लागतो, पांढरा होतो, घट्ट बसतो. माझ्या रसातल्या लांब साखळ्यांचंही तसंच. त्यांना ओळीत बसायला एक जागा हवी आणि थोडा वेळ हवा. जागा पावडरीच्या कणाने दिली, वेळ तापलेल्या वाळूने. मी ज्याला नासणं म्हणत होते ते बसणं होतं. आणि ज्या पारदर्शकपणाचा मी तोरा मिरवत होते, तो म्हणजे न बसलेला पाक.

मग तो आठवडा! पावडर न घालता नुसती वाळूत हळू गार केलेली काडी करून पाहिली. तिच्यात मोजके मोठमोठे ठिपके आले आणि ती बरोबर दोन ठिपक्यांच्या मधून तुटली. पावडरीने तेच ठिपके बारीक आणि असंख्य होत होते, म्हणून काडी चिवट. हे कळल्यावर मी, अर्थातच, अर्धा डबा ओतला. चांगलं आहे ना, मग जास्त घाला! ती काडी खडूसारखी झाली आणि हातातच कट्कन मोडली. मामा म्हणाले, "ह्येनं फळ्यावर तरी लिवता येईल." पावडर कमी केली. तरी वाकवली की तुटायची, म्हणून सरांनी सुचवलं, एरंडेलाचा थेंब घालून बघा. थेंब घातल्यावर काडी जरा लवायला लागली, तुटेना. मी पळीभर घातलं. मग ती मेणासारखी झाली, बोटाचा ठसा उमटायचा. शेवटी चिमूटभर पावडर, थेंबभर एरंडेल आणि वाळूच्या कढईवर घरून आणलेली जुनी गोधडी, दही लावल्यावर थंडीत भांडं गुंडाळतो तशी. ती काडी निघाली आणि सरांनी ती टेबलाच्या कडेवर ठोकली. टण्ण असा आवाज आला. सर म्हणाले, "बाई, हा आवाज पास होणार."

परीक्षेच्या दिवशी मी सासूबाईंकडे त्यांची चहाची काडी मागितली. नव्या काड्या आठवड्याच्या. हिने अख्खा हंगाम रोज उकळता चहा सोसला होता. याहून मोठा पुरावा कुठला?

"न्हे. पन परत आन. मला चमच्यानं आता जमत न्हाई."

परीक्षक उंच, गोरे, अंगात टेरिकॉटचा सदरा, तो घामाने पाठीला चिकटलेला. प्रबंध त्यांनी आधीच वाचला होता, शेवटचं हाताने लिहून जोडलेलं प्रकरण मात्र माझ्यासमोर वाचलं. चष्म्यावरून बघितलं.

"टाल्क कुठलं वापरलंत? कुठली प्रत?"

खोटं उत्तर तयार होतं, पण तोंडातून खरंच निघालं. "सर, चेहऱ्याला लावायची."

दारात मामा खोकले. परीक्षकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, जिथे पुरावा मुबलक होता.

"आणि का घातलीत?"

"पोळीला पिठी लावतो तशी, सर. काडी नळीला चिकटू नये म्हणून. मग ती पांढरी झाली, म्हणून मी टाकून दिली. मग सासूबाईंनी तिने चहा ढवळला." आता थांबणं शक्यच नव्हतं. मी पाक सांगितला, साखरेचा दाणा सांगितला, वाळू सांगितली, गोधडी सांगितली. घोडेगावचा उकिरडाही सांगितला. सर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

परीक्षक म्हणाले, "चहा मागवा."

मामांनी दोन पेले आणले, वाफाळलेले. परीक्षकांनी एका पेल्यात काचेसारखी काडी घातली, एका ढवळण्यात ती पेल्याच्या काठावर लोळली. दुसऱ्यात सासूबाईंची. ढवळलं, पुन्हा ढवळलं, काढली, उजेडात धरली. सरळ. मग त्यांनी दोन स्टुलं जवळ ओढली, नवी काडी आडवी ठेवली आणि मामांकडे हात केला. मामांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून तिला अडकवला. काडी ढिम्म. परीक्षकांनी स्वतःची चामड्याची बॅग उचलली, ज्यात मुंबईहून आणलेले आणखी दोन प्रबंध होते, आणि तिचे बंद काडीवर टाकले. काडी जराशी लवली आणि थांबली. बॅग हवेत. आम्ही चौघं त्या लोंबणाऱ्या बॅगेकडे बघत उभे.

"तुटत नाही हो," परीक्षक म्हणाले, जणू त्यांच्या हातूनच काही घडलं होतं. मग माझ्याकडे वळले. "बाई, उन्हात वाकणाऱ्या काडीचं तुम्ही पहिल्या प्रकरणात जे कौतुक केलंय, ते जरा कमी करा. बाकी झालं. अभिनंदन."

मामांनी टाळ्या वाजवल्या. शिपायाने परीक्षेत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण सरांनीही वाजवल्या. आणि मी? मी पर्समधून डबा काढून चेहऱ्यावर पावडर थापली, कारण डोळ्यांतल्या पाण्याने ओघळ उठले होते. परीक्षक हसले, ते पहिल्यांदाच.

घरी आले तेव्हा दारातूनच ओरडले, "आत्याबाई, पास झाले! लेक्चरर होणार!"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग म्हणाल्या, "माजी काडी कुठंय?"

मी पर्स उलटी केली. डबा होता, रुमाल होता, काडी नव्हती. तेव्हा आठवलं. गाडीची वेळ झाली म्हणून उठताना परीक्षकांनी ती टेबलावरून उचलली, रुमालाने पुसली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाशेजारी लावली. मी ते बघत होते, वर नमस्कारही केला.

"मुंबईचे साहेब घेऊन गेले," मी म्हटलं. "उद्या नवी करून देते. अगदी तशीच."

त्यांनी ओढलेलं लाकूड पुन्हा चुलीत सारलं. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला, आळीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन रांगेत. कॉलेजला निघताना मला सासूबाईंचा आवाज लांबूनच ऐकू आला. माझ्या पदवीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. हंडा कमरेवर, मान ताठ.

"मी रोज चहा ढवळायची ना, ती काडी. मुंबईच्या साहेबानं खिशात घालून न्हेली. म्हनला, असली काडी सबंध इलायतेत न्हाई!"

इलायतेचं साहेब काही बोलले नव्हते. मी मात्र मुळीच दुरुस्त केलं नाही. रांगेतल्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या, आणि मी आदल्या दिवशीपेक्षा जरा जास्तच पावडर लावली होती.